आमच्या भाडेकरूची इर्जिक

दोन माणसं एके ठिकाणी निवांत बसलेली ज्याला बघवत नाहीत असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो माझ्याच घरात भाड्यानं राहत होता. दोघं दिसले की हा तिसरा जाऊन बसायचा, आणि तिघं उठायचे ते काहीतरी काम अंगावर घेऊनच उठायचे. बिडी ओढायला बसलेल्या माणसांनी गटार उपसलेलं मी पाहिलंय. बारशाला जमलेल्या बायकांनी बाळाला पाळण्यात ठेवून शाळेची भिंत सारवलेली पाहिलीय. एकदा तर मयताहून परत येताना ह्यानं लोकांना बोलण्यात गुंतवलं आणि वाटेतला फुटका बांध घालून घेतला. ज्याचं माणूस गेलं होतं त्यालाही दगड उचलायला लावला. मी नंतर रागावलो तर म्हणाला, "दादा, रडताना हात रिकामा ठेवायचा नाही. रिकामा हात असला की जास्त रडू येतो." मराठी त्याची अशीच होती, पण त्यानं कधी तोंड बंद ठेवलं नाही.

आला होता केरळातून. पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी भट्टी खात्यात हेल्पर होतो तिथंच तो टर्नर म्हणून लागला. आमचं गाव चाकणच्या रस्त्याला, इंद्रायणीच्या पलीकडं, आणि आमची बौद्ध वस्ती गावाच्या बाहेर ओढ्याकडेला. हा आधी गावात खोली बघायला गेला. तिथं त्याला जात विचारली. ह्याला वाटलं, माणसं माहिती घेतायत. मग हा ओट्यावर मांडी घालून बसला आणि आपल्या मुलखातल्या सगळ्या जाती एकेक करून सांगू लागला, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तुमचा सांगा." खोली मिळाली नाही. चहा मात्र मिळाला. शेवटी कारखान्यात मी म्हणालो, चल आमच्याकडं, पडवीला भिंत घालून देतो. भिंत त्यानंच घातली, आणि घालताना वस्तीतले सगळे कामाला लावले. गावानं त्याचं नाव मद्रासी ठेवलं. तो सांगून सांगून थकला की मद्रास वेगळं, केरळ वेगळं. पण आमच्याकडं लुंगी नेसणारा तो मद्रासी, त्याला कुणाचा इलाज नव्हता.

त्याचं दुसरं खूळ म्हणजे पद्धत. समोर काहीही दिसलं की विचारायचा, "ह्याची पद्धत काय?" आणि आपण सांगितली की लगेच, "आमच्याकडे पद्धत अशी." बाजरी राखेत घालून ठेवायची ती का, चुलीला पोतेरं सकाळीच का, चिंचेखाली निजायचं नाही ते का. माझ्या आईला ह्या प्रश्नांचा फार आनंद. सत्तरीची म्हातारी, तिला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. ती त्याला लेकरा म्हणायची, तो तिला अम्मा. दोघं पडवीत बसून तासन्‌तास आपापल्या मुलखाच्या चुली एकमेकांना समजावून द्यायचे. त्यातून एक चूल तयारही झाली. अर्धी आमच्या पद्धतीची, अर्धी त्यांच्या, आणि वर कारखान्यातल्यासारखं पत्र्याचं धुराडं. चूल झकास पेटली. धूर मात्र सगळा शेजारच्या घरात गेला. शेजारीण हातात फुंकणी घेऊन आली, तर हा तिला म्हणतो, "वहिनी, चांगला झाला. आता तुमच्या घरात डास नाही."

सुट्टीच्या दिवशी तो गावात जाऊन लोकांची ऑइल इंजिनं दुरुस्त करी. बदल्यात काय घेई? प्रश्न विचारी. गावातले तात्या म्हणजे मोठे बागायतदार, दोन बैलजोड्यांचे धनी आणि तोंडाचे फटकळ. ते एकदा मला रस्त्यात म्हणाले, "अरे, तुझ्या त्या मद्रासीला पैसे घ्यायला लाव बाबा. इंजिन नीट करतो घडीभरात आन मला बसवून ठेवतो दिवस मावळंपर्यंत. मोट कशी व्हती, नाडा कशाचा व्हता, बैलाला मागं सरायला कोण शिकवतं. मी बापाला बी इतकी उत्तरं दिली न्हाईत." पण तात्या हे सांगताना हसत होते, हे मी पाहिलं. आणि तात्या आमच्या वस्तीतल्या माणसाशी रस्त्यात उभं राहून इतकं बोलले, हेही मी पाहिलं.

आता त्याची अंघोळ. सकाळी एक, शिफ्टवरून आला की एक. डोक्याला खोबरेल, मग पाणी, मग पुन्हा पाणी. दुष्काळ होऊन गेला होता, आमच्या वस्तीच्या विहिरीचं एका बाजूचं बांधकाम ढासळून आत गेलं होतं, आणि खाली गाळ. बायका कंपनीच्या पाइपाच्या गळतीवर हंडे लावून बसत. पडवीतून बादल्या ओतल्याचा आवाज बरेच दिवस ऐकल्यावर माझी बायको एकदा त्याला म्हणाली, "भावजी, तुमच्या अंगावरनं जातंय ते पाणी माझ्या डोक्यावरनं येतंय, येवढं ध्यानात असू द्या." तो तसाच साबण लावलेला उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून बांबूला दोन बाजूंना दोन डबे टांगून हा स्वतः गळतीवर, बायकांच्या रांगेत, लुंगी खोचून. पुरुष माणूस पाण्याला आलेला वस्तीनं पाहिला नव्हता. लोक हसले. बायका पहिल्या दिवशी हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या नवऱ्यांकडं बघायला लागल्या, त्यामुळं पुरुषांचं हसणं बंद झालं.

पाणी वाहता वाहता त्याच्या डोक्यात ती विहीर बसली. ती विहीर आमच्या वाडवडलांनी खणलेली. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते त्या काळातली, म्हणून आम्हाला तिचं मोल. पण उपसायची कुणी? वस्तीतले निम्मे गडी कारखान्यात, कुणी पहिल्या शिफ्टला, कुणी तिसऱ्या. एक जागा असला तर दुसरा निजलेला. आणि आत पडलेले धोंडे माणसाच्या हातानं निघणारे नव्हते, त्याला बैल हवेत, आणि बैल सगळे गावात. मी म्हणायचो, होईल कधीतरी. तो म्हणायचा, "कधीतरी कुठला वार?"

मग एके दिवशी आईनं त्याला इर्जिक सांगितली. कुणाची नांगरट मागं पडली, कुणाचं काम अंगावर आलं, तर तो माणूस गावाला सांगतो, माझ्याकडं इर्जिक आहे. ज्याला जमेल तो आपले बैल, आपली औतं घेऊन येतो. दिवसात काम उडवतात. मजुरी नाही, काही नाही. घरधन्यानं फक्त सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. ती नुसती पंगत नव्हे, ती त्या कामाची फेड. हे ऐकून आमचा भाडेकरू उठून उभाच राहिला. म्हणाला, त्यांच्याकडेही आहे. पावसाच्या आधी नारळाच्या झावळ्यांनी घर शाकारायला सगळे शेजारी येतात, एका दिवसात छप्पर घालतात, आणि घरवाला मासे आणि उकडलेला कंद घालतो. "अम्मा, हा तोच आहे. सेम टू सेम. मग विहिरीचा का नाही केला?"

आई पदर सावरत उठली आणि चुलीकडं गेली. तिनं त्याला अर्धी गोष्ट सांगितली होती. इर्जिकीत आमची माणसंही असायची, पण बोलावलेली नव्हे, लावलेली. जेवण त्यांना पंगत उठल्यावर, लांब, पदरात. आणि आमच्या दारी इर्जिक कधी झाली नाही, कारण आमच्या दारी जेवणार कोण? आम्ही धर्म घेतला त्यानंतर मी ठरवून टाकलं होतं, गावाचं काम फुकट करायचं नाही आणि गावापुढं हात पसरायचा नाही. आजही मला ते बरोबर वाटतं. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. म्हणोत.

हे त्याला मी समजावून सांगायच्या आत तो गावात जाऊन आला होता. दारोदार. प्रत्येक इंजिनवाल्याच्या ओट्यावर बसून सांगून आला की गुरुवारी इर्जिक आहे, बैल घेऊन या. गुरुवार का, तर कारखान्याला सुट्टी. आणि कुणाच्या घरी, तर माझ्या. माझं नाव सांगून आला.

मी त्याला म्हणालो, "तुला कुणी सांगितलं माझं नाव घ्यायला?"

"दादा, इर्जिक घालायला घर लागतो. माझा घर हाच आहे."

"ते आले न्हाईत तर?"

"येतील. बोलले."

"आन आले आन जेवले न्हाईत तर? तोंड कुठं लपवायचं वस्तीनं?"

ह्यावर तो गोंधळला. "जेवणार नाही का? काम केल्यावर भूक लागतो ना."

माणूस इतकी वर्षं आमच्यात राहिला, पण ही एक पद्धत त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो मात्र भिंतीपलीकडून रोज मला शिफ्टची वेळ झाल्याचं ओरडून सांगत राहिला, जसं काही झालंच नाही. शेवटी नाव माझं गेलं होतं. नाव गेल्यावर मागं कसं सरायचं? मी बायकोला म्हणालो, घालायचं तर मटण घालू. कुणी म्हणायला नको की वस्तीनं पिठल्यावर भागवलं.

गुरुवारी उजाडताच तात्यांच्या दोन्ही जोड्या ओढ्यातून वर आल्या. मागं आणखी गाडी-बैल, गावातली बरीच मंडळी, शिवाय कारखान्यातले मराठवाड्याचे आणि कोकणातले आमचे जोडीदार. मी हात जोडले, फार वाकलो नाही. बैलांना दोर लावून धोंडे वर ओढायचे, खाली आमची पोरं गाळ भरतायत, वर घमेल्यांची रांग. त्या रांगेत कोण कुणाच्या हातून घमेलं घेतोय हे सकाळी जो तो बघत होता, उन्हं चढल्यावर कुणी बघेना. हा मधोमध, गुडघ्यापर्यंत चिखलात, मल्याळीत काहीतरी ओरडतोय आणि बैलांना ते कळतंय. तात्या म्हणाले, "ह्याची भाषा माझ्या बैलांना समजायला लागली, आता घरी गेल्यावर माझं ऐकायचे न्हाईत." दुपार कलली तेव्हा तळाचा कातळ दिसला आणि एका फटीतून बोटाएवढी धार सुरू झाली. म्हातारी माझी आई काठावर येऊन बसली आणि नुसती बघत राहिली.

मग जेवणाची वेळ झाली. चिंचेखाली पत्रावळ्या मांडल्या. मटणाचा वास ओढ्यापर्यंत गेलेला. मंडळींनी हातपाय धुतले आणि जो तो आपल्या बैलांकडं वळला. एक जण म्हणाला, "आज गुरुवार हाय राव. धरलाय मी."

झालं. मग सगळ्यांनीच गुरुवार धरला होता. आमच्या वस्तीनं उपासतापास सोडून जमाना झाला, आणि ह्या बाबाच्या डोक्यात ते कधी नव्हतेच, त्यामुळं गुरुवारी मटण शिजवायचं नसतं हे आमच्यात कुणालाच सुचलं नाही. आम्हीच त्यांच्या हातात सबब वाढून दिली. गावातल्या एकाला तर मी मागच्याच आठवड्यात, ह्याच वारी, चाकणच्या एस. टी. स्टँडवर आम्लेट खाताना पाहिलं होतं. तोही कपाळाला हात लावून म्हणाला, "काय करणार, गुरुवार."

माझी बायको पळी हातात धरून उभी. वस्तीतली पोरं माझ्याकडं बघतायत. मला वाटलं जमीन दुभंगावी. तेवढ्यात आमचा भाडेकरू, जो जन्मात गप्प बसला नव्हता, तो काही न बोलता गाळाच्या ढिगाकडं गेला. घमेलं भरलं, काठावर आला आणि विहिरीत ओतलं.

तात्या ओरडले, "ए मद्रासी, काय करतोस रे?"

"परत करतो."

"काय परत करतो?"

"तुमचा काम." त्यानं दुसरं घमेलं भरलं. "आमच्या गावात शाकारणारा माणूस न जेवता गेला, तर घरवाला छप्पर काढून टाकतो. पद्धत आहे. न जेवता काम ठेवून घेतला तर ते काम नाही, ते चोरी."

त्यानं तेही ओतलं. मग मी पण घमेलं उचललं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "तात्या, फुकटचं काम आमी घेत न्हाई. फुकटचं काय असतं ते आमाला लई पिढ्या ठाऊक हाय."

खाली ओतलेला गाळ पाण्यात पडल्याचा आवाज आला तेवढाच. तात्यांनी कासरा सोडला, डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं, आणि माझ्या बायकोला विचारलं, "पोरी, पिठलं हाय का?"

"टाकते की. बसा तर खरं."

"टाक. गुरुवार खोटा न्हाई माझा. आन आधी पाणी दे."

तिनं तांब्या भरून दिला, घरच्या हंड्यातला. तात्यांनी तो तोंडाला लावला, वरून ओतून घेतला नाही, आणि सगळा प्याला. मग पहिल्या पत्रावळीवर जाऊन बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बस की. घरधनी उभा राहिला तर पाहुण्यानं घास कसा उचलायचा?" तात्या बसल्यावर त्यांच्या भावकीतले काही बसले. आम्लेटवाल्यानं घटकाभर विचार केला, गुरुवार तिथंच सोडला आणि मटणाच्या बाजूला सरकला. निम्मे बसले. निम्मे बैल घेऊन ओढ्यात उतरले. जे गेले त्यांची नावं मला पाठ आहेत. सांगणार नाही. पण जे बसले त्यांनी पोटभर खाल्लं, आणि आमचा भाडेकरू वाढताना प्रत्येकाला विचारत होता, पिठल्याची पद्धत काय. जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी ओतलेला गाळ तात्यांनी आम्हालाच उपसायला लावला.

त्या रात्री मी त्याच्याशी बोललो. विचारलं, "खरंच छप्पर काढतात रे तुमच्याकडं?"

तो हसला. "नाही दादा. कोण काढतो? पाऊस येतो ना."

पुढं सहा-सात वर्षं तो आमच्याकडं राहिला. मग कारखान्यात संप झाला, टाळं लागलं, आणि त्याच्या मुलखातले लोक अरबांच्या देशात जायला लागले होते, तसा तोही गेला. जाताना आईच्या पाया पडला, माझ्या बायकोला खोबरेलाची बाटली दिली, आणि एस. टी. येईस्तोवर थांब्यावर बसलेल्या दोन अनोळखी माणसांना म्हणाला की ह्या थांब्याला सावली नाही, इथं एक झाड लावायला पाहिजे. त्यांनी लावलं की नाही मला माहीत नाही. गाडी लगेच आली. मी हात हलवला नाही, मला तसली सवय नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा मात्र राहिलो.

त्याच्या मुलखाची माणसं अजून कंपन्यांच्या गेटवर भेटतात. मी विचारतो, असा असा होता, टर्नर, फार बोलायचा. ते म्हणतात, काका, केरळ मोठं आहे. आई गेली तेव्हा त्याला कळवावं असं फार वाटलं. कुठं कळवणार? पडवीत दुसरे भाडेकरू आले. चांगली माणसं आहेत. कडी लावून राहतात.

परवा तात्यांच्या नातीचं लग्न झालं. तात्या स्वतः काठी टेकत वस्तीत आले आणि म्हणाले, घरचं कार्य आहे, सगळ्यांनी यायचं. गेलो. मांडवात एकच पंगत होती, लांबच लांब. मी एका टोकाला बसलो. पोरं, सुना, गावातली, वस्तीतली, जो जिथं जागा मिळेल तिथं बसत होता. वाढपी पत्रावळ्या टाकत आला आणि माझ्यापाशी थांबला. माझ्या आणि पलीकडच्या माणसाच्या मधे एका माणसाची जागा रिकामी राहिली होती. मी मुद्दाम ठेवली नव्हती, पण मांडी जरा आवरूनच बसलो होतो.

"बाबा, इथं कोण हाय?"

"बसायचाय एकजण," मी म्हणालो.

त्यानं पत्रावळ टाकली आणि तो पुढं गेला. मागून भातवाला आला, त्यानं त्या पत्रावळीवरही भात वाढला. मी त्याला नको म्हणालो नाही.